चर खोदायचे की ताली बांधायच्या? घाटमाथ्यावरच्या एका वाडीचं प्रकरण

आधी थोडं

2021 च्या पावसात एका गावाचा उतार खाली आला, आणि नंतर आलेल्या निधीतून तिथे पाणी मुरवणारे चर खोदायचे की जुन्या दगडी भिंती, म्हणजे ताली, दुरुस्त करायच्या, याची ही हकीकत. गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, घाटमाथ्यावर. वरती जांभ्याचा सडा (म्हणजे सपाट कातळ), मध्ये उतार, उताराच्या खांद्यावर वस्ती आणि खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं. नाव देत नाही, कारण यातली माणसं तिथेच राहतात आणि जमिनीचे वाद अजून मिटलेले नाहीत. पुढे सगळीकडे नुसतं 'वाडी' म्हणतो. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत, पण कुठल्या वेळी काय ठरलं तो क्रम तसाच ठेवलाय. आम्ही काही जण अशा गावांना पाणी आणि जमिनीच्या कामात मदत करतो, त्यामुळे बहुतेक मीटिंगांना हजर होतो.

पार्श्वभूमी

पश्चिम घाटातल्या 39 जागा 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. वाडीचा सडा त्या चारात नाही, पण डोंगर तोच, दगड तोच आणि फुलंही बरीचशी तीच. सडा वनखात्याच्या ताब्यात, उतार आणि खाचरं लोकांच्या सातबाऱ्यावर. ही हद्द कागदावर रेघ मारल्यासारखी आहे पण पाणी, गुरं आणि शेण तिला कधी जुमानत नव्हते, आणि सगळं प्रकरण खरं तर इथूनच सुरू होतं.

दगडाचं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून थोडक्यात सांगतो. हे डोंगर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांचे. एक थर घट्ट, एक सच्छिद्र आणि ठिसूळ, मधूनमधून लाल मातीचा पट्टा. घट्ट थराचा कडा झाला आणि ठिसूळ थर झिजून उतार झाला, म्हणून आपला सह्याद्री लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. सगळ्यात वर जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं, तेच घट्ट होऊन ती लाल टोपी बनली. जांभा म्हणजे चाळण आणि त्याच्याखालची चिकट माती, जिला कोकणात शेडी म्हणतात, ती परात. पाणी चाळणीतून खाली येतं, परातीत अडतं आणि कडेने बाहेर सांडतं. वाडीचा झरा बरोबर त्या सांध्यावर आहे, आणि वाडीही तिथेच का बसली याचं उत्तर तेच.

उतारावर वरकस शेती. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा, मग तो तुकडा काही वर्षं पडीक सोडायचा आणि दुसऱ्या अंगाला जायचं. नाचणीचं रोप तयार करायला राब भाजायचा, म्हणजे उन्हाळ्यात एका छोट्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वर माती असे थर देऊन पेटवायचं, तण मरतं आणि राखेत रोप जोरात येतं. यातलं शेण कुठून यायचं? पावसाळ्यात गुरं दिवसभर सड्यावर, कारण उतारावर पीक उभं असतं, आणि संध्याकाळी खाली गोठ्यात. चरायचं वर, शेण पडायचं खाली. वर्षानुवर्षं सड्यावरची ताकद अशी उचलून खाली शेतात येत होती.

आता गंमत बघा. सड्यावरची जी खास फुलं आहेत, सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, त्यांना कस नसलेली जमीनच लागते. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर किडे खाऊन नायट्रोजन मिळवतात कारण इंचभर मातीत तो नाहीच. जमीन सुपीक झाली की उंच गवत माजतं आणि ही बारकी फुलं झाकली जातात. म्हणजे गुरं चरून जाणं आणि शेण खाली नेणं हे फुलांच्या फायद्याचंच होतं, असं माझं मत. गोठाच सड्यावर बांधला असता तर उलटं झालं असतं, हेही तितकंच खरं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ताली. उताराला आडव्या, कोरड्या दगडी भिंती, कमरेएवढ्या. यांच्याकडे नीट बघितलं तर कारागिरी कळते. खालचे दगड मोठे आणि उताराच्या आत कललेले, भिंत वर जाताना थोडी मागे झुकलेली, आणि मागच्या बाजूला हातभर रुंदीचा चिपांचा, म्हणजे बारीक दगडांचा, भरणा. माती चिपांच्या मागे थांबते आणि पाणी चिपांतून झिरपून दगडांच्या फटीतून बाहेर येतं. ऐन पावसात तालीसमोर उभं राहिलं की अख्खी भिंत गळताना दिसते, कुठेच जोराची धार नाही. दोन्ही टोकांना पाट, तो थेट ओहोळात. माती अडवायची आणि पाणी जाऊ द्यायचं, हे तालीचं काम. इथे वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो अडवून कोण अडवणार.

अडचण कशी तयार झाली

हळूहळू. माणसं मुंबईला माथाडीत गेली, मग त्यांची मुलं नवी मुंबईला गेली. रानडुक्कर आणि गवा वाढले, रात्रभर राखणीला बसायला घरात माणूस उरला नाही. आणि मध्येच सड्याला जाळीचं कुंपण आलं. पर्यटक वाढले होते, गाड्या थेट फुलांवर जात होत्या, त्यामुळे कुंपण घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं अजिबात नाही, पण जाळीला गाडी आणि गाय यातला फरक कळत नाही. पावसाळ्यात गुरं न्यायची कुठे हा प्रश्न आला आणि दोन-तीन वर्षांत बऱ्याच घरांनी गुरं विकली. गुरं गेली तर शेण गेलं, शेण नाही तर राब नाही, राब नाही तर नाचणीचं रोप नाही. उतार पडीक राहिला, आणि या वेळी परत यायचं म्हणून नाही तर कायमचाच. ताली कोणी बघेना, एक दगड निसटला की पुढच्या पावसात दहा निसटतात.

सगळं खापर कुंपणावर फोडणं बरोबर नाही. माणसं आधीच चालली होती. कुंपणाने फक्त जे टिकून होते त्यांचा शेवटचा हिशोब बिघडवला.

मग जुलै 2021 आला. 22 ते 23 तारखेच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला, माण-खटावला अख्ख्या वर्षात जेवढा पडतो साधारण तेवढा. तळिये, आंबेघर, मिरगाव या दरडी कोसळलेल्या गावांची नावं तेव्हा सगळ्यांनी ऐकली. वाडीत जीव गेला नाही, पण वस्तीच्या वर दोन ठिकाणी उतार खाली बसला, मुरूम आणि दगडगोटे खाचरात आले, आणि सड्याच्या कडेखाली हात जाईल एवढी भेग पडली. लोक काही रात्री शाळेत झोपले. जिथे उतार घसरला त्या दोन्ही जागा जुन्या तालींच्याच होत्या, आणि दोन्हीकडे ताली आधीच फुटलेल्या होत्या. चांगल्या उभ्या तालींचा उतार मात्र जागेवर होता. यावरून लगेच सिद्धांत मांडू नये, कारण त्या दोन जागांत शेडी पण जाड आहे, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवली होती आणि पंचनाम्यात ती कुठेच आली नाही.

पैसे आले आणि प्रश्न उभा राहिला

2022 मध्ये मृद व जलसंधारणाच्या नावाखाली निधी मंजूर झाला आणि आराखड्यात होते सलग समतल चर. उतारावर समपातळीत खोदलेले लांबच लांब चर, जेसीबीने. ग्रामसभेचा ठराव झाला पण होता, दहा मिनिटांत, शेवटच्या विषयात.

चर ही वाईट गोष्ट नाही. याच जिल्ह्यात माण, खटाव, कोरेगाव या तालुक्यांत चर खोदून गावं पाण्याला लागलीत, लोकांनी श्रमदान करून डोंगरच्या डोंगर खोदलेत. पण तिकडे पाऊस कमी आणि पाणी जमिनीत मुरवणं हाच उद्देश. इकडे उतार खाली येतो तोच मुळी जमिनीत पाणी जास्त मुरल्यामुळे. शेडीवर बसलेला सैल मातीचा थर, त्यात वरून चरांनी पाणी कोंबायचं, म्हणजे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी आम्ही एका कॉलेजातल्या भूशास्त्राच्या सरांना घेऊन गेलो, कारण गावात बाहेरच्या माणसाने सांगितलेलं जास्त ऐकतात, काय करणार.

सरांनी भाषण वगैरे केलं नाही. भेगेपासून झऱ्यापर्यंत चालत नेलं, शेडी कुठे उघडी पडलीये ते हाताने दाखवलं, तिचा ओला गोळा करून दगडावर ठेवला आणि वरून अजून एक दगड ठेवला तर तो घसरला. आक्का (वाडीतल्या वयाने मोठ्या, बचतगट चालवणाऱ्या) तिथे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पानी आत घालतायसा ते ठीक, भाईर कुठनं काडनार ते सांगा की." मला वाटतं प्रकरण तिथे फिरलं.

कोणते पर्याय समोर होते

चर. फायदा एकच पण मोठा, पैसे तयार होते आणि मार्चच्या आत खर्च करायचे होते. ठराव मागे घेतला तर निधी परत जाणार आणि पुढच्या वेळी कोणी विचारणार नाही ही भीती खरी होती. सरपंचांचं म्हणणं होतं की थोडे छोटे चर खोदून निधी वाचवू. माळीण गावावर दरड कोसळल्यावर (30 जुलै 2014) उतारावर मशीन चालवून जमीन सपाट करण्याबद्दल जी चर्चा झाली होती ती कोणीतरी काढली आणि मीटिंग एकदम शांत झाली.

झाडं लावणे. ऐकायला सगळ्यात छान, फोटो पण चांगले येतात, एक कंपनी रोपं द्यायला तयार होती. अडचण अशी की रोपं बाहेरच्या जातींची, आणि उतारावर हातभर माती, खाली कातळ. शिवाय लागवड म्हणजे परत कुंपण आणि परत चराई बंद.

काहीच न करणे. या पर्यायाला लोक हसले, पण मला तो निम्म्या जागेसाठी योग्य वाटत होता आणि शेवटी तसंच झालं. जिथे कारवी दाट माजलीये, अंजनी-जांभूळ उभे राहिलेत, तिथे उतार चांगला धरून होता. तिथे जाऊन ताली बांधायच्या म्हणून रान साफ करणं हा शुद्ध मूर्खपणा झाला असता.

ताली आणि पाट दुरुस्त करणे, आणि निदान काही भागात नाचणी परत सुरू करणे. हे सगळ्यात पटणारं आणि सगळ्यात अवघड. दगड रचता येणारी माणसं साठीच्या पुढची. रोजगार हमीची मजुरी 2023-24 ला 273 रुपये, आणि हॉटेलच्या बांधकामावर त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात, मग ताल रचायला कोण येणार.

आणि शेवटचा, ज्याचं नाव मीटिंगमध्ये कोणी घेत नव्हतं पण चहाच्या वेळी सगळे त्यावरच बोलत होते: विकून टाकणे. एजंट फिरत होतेच. सड्याचं दृश्य, फुलांचा सीझन, वर्षभर थंड हवा. पडीक वरकसला कधी कोणी विचारलं नव्हतं, तिला अचानक गुंठ्याचा भाव आला. यावर नैतिक बोलणं सोपं आहे, पण मुंबईत खोलीचा हप्ता भरणाऱ्याला डोंगरावरचा एक तुकडा विकावासा वाटला तर त्यात त्याचं काय चुकलं.

आयर्लंडमध्ये बरेन नावाचा चुनखडीचा खडकाळ प्रदेश आहे, तिथे गुरं हिवाळ्यात वर खडकाळ माळावर चरायला नेतात, आणि 2005 ते 2010 च्या प्रकल्पातून पुढे अशी पद्धत आली की शेतकऱ्याला माळाची अवस्था बघून गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे पैसे द्यायचे. हे उदाहरण मी एका मीटिंगमध्ये सांगितलं. वाडीतले एक जुने गृहस्थ, आबा, म्हणाले, "गुरं चारायचं पैसं? आनी आमी इतकी वर्सं दंड भरत आलो." बाकी पुढे त्यावर काही झालं नाही.

निर्णय कसे झाले

पहिला निर्णय ठराव बदलायचा. यात तीन महिने गेले. शेवटी असं ठरलं की त्याच निधीत चरांऐवजी दगडी ताली आणि पाण्याचा निचरा करणारे पाट घ्यायचे, अंदाजपत्रक परत करायचं. तालुक्याच्या ऑफिसात एका इंजिनिअरने मनावर घेतलं म्हणून झालं, नाहीतर काम तिथेच अडकलं असतं. निधीचा काही भाग परत गेलाच, आणि वाडीत एक गट आजही म्हणतो की आलेली लक्ष्मी घालवली.

दुसरा निर्णय कुठे काम करायचं आणि कुठे नाही. इथे जुन्या माणसांना घेऊन अख्खा उतार चाललो आणि तीन प्रकारच्या जागा ठरवल्या: रान आलंय तिथे हात लावायचा नाही, भेगेच्या खाली शेती पण नाही आणि बांधकाम पण नाही, फक्त वरचं पाणी पाटाने बाजूला काढायचं, आणि मधल्या टप्प्यावर ताली दुरुस्त करून नाचणी. भेगेखालच्या पट्ट्यात एका कुटुंबाचं घर येत होतं. त्यांना हलवायचं की नाही यावर खूप ताण झाला. ते पावसाळ्यापुरते भावकीत राहायला तयार झाले, कायमचे नाही. मग 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ते स्वतःहून सामान घेऊन खाली आले.

तिसरा निर्णय जमिनीच्या मालकांचा. सामाईक खाती, एकेका गटावर तीस-तीस नावं, निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. गणपतीला सगळे येतात म्हणून आरतीनंतर बसलो. विकायची नाही असं लिहून कोणी देणार नव्हतं आणि मागणंही बरोबर नव्हतं. त्याऐवजी एवढंच मागितलं की जो कसेल त्याला तीन वर्षं कसू द्या, ताल त्याने सांभाळायची, हक्क तुमचाच राहील. बरीच घरं तयार झाली. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचाच जमिनीवर हक्क लागेल, ही जुनी भीती होतीच, म्हणून साध्या कागदावर सगळ्यांसमोर सह्या घेतल्या.

चौथा आणि सगळ्यात नाजूक, सड्याचा. जमीन वनखात्याची, त्यामुळे गाव एकटं काही ठरवू शकत नव्हतं. गावच्या वन समितीचा गल्ला सडा बघायला येणाऱ्यांच्या तिकिटावर चालतो आणि फुलांचा सीझन नेमका चराईचाच सीझन. एका बाजूला गुराखी आणि दुसऱ्या बाजूला तिकीट फाडणारी पोरं, दोघं एकाच घरातली, बऱ्याचदा काका-पुतणे. कासच्या पठारावरही जाळीचं कुंपण घातलं होतं आणि नंतर ते काढलं, ते उदाहरण इथे फार कामाला आलं कारण ते साहेबांना पण माहीत होतं आणि गावाला पण. तोडगा निघाला तो असा: पर्यटक जातात तो भाग बंदच, पलीकडच्या अंगाला कुंपणाला फाटक, पावसाळ्यात तिथून गुरं आत, पण पाण्याच्या डबक्यांत म्हशी बसवायच्या नाहीत आणि संध्याकाळी सगळी खाली. हे लेखी नाही. अधिकाऱ्यांनी "बघू एक-दोन वर्षं" एवढंच म्हटलं.

प्रत्यक्ष काम

2023 च्या उन्हाळ्यात ताली सुरू झाल्या. दगड उतारावरच पडलेले होते, बाहेरून काही आणलं नाही. दोन म्हातारे कारागीर बसून सांगणार आणि पोरं रचणार. पहिल्या आठवड्यात पोरांनी चिपा न भरता नुसतीच भिंत उभी केली, दिसायला सरळ आणि देखणी, आबांनी ती ढकलायला लावली. सबंध भिंत. पोरं चिडली, एक जण कामच सोडून गेला, पण बाकीच्यांना त्यानंतर चिपांबद्दल परत सांगावं लागलं नाही.

मजुरीचा प्रश्न वन समितीने थोडा सोडवला, तिकिटाच्या पैशातून रोजगार हमीच्या वर भर घातली. समितीत यावर भांडण झालंच, कारण ते पैसे पार्किंगसाठी धरले होते.

नाचणीचं म्हणाल तर सगळ्यांनी एकाच अंगाला लावायची ठरवलं, पूर्वी तसंच असायचं, म्हणजे एका माळ्यावरून (मचाणावरून) सगळ्यांची राखण होते. शेण पुरेना म्हणून राब छोटे भाजले आणि रोपं वाटून घेतली. वणव्याच्या भीतीने वनरक्षक राबाला आधी नाहीच म्हणत होते, मग जाळरेषा काढून, वारा पडल्यावर, त्यांच्यासमोर भाजायचं यावर तयार झाले. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि शाळेतली मुलं दर आठवड्याला टेपने अंतर मोजून वहीत लिहायला लागली.

निकाल

2023 च्या पावसाने काही परीक्षा घेतली नाही, त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशभर कोरडाच गेला. खरी परीक्षा जुलै 2024 ला. दुरुस्त केलेल्या ताली बहुतेक उभ्या राहिल्या आणि सगळ्या गळत होत्या, म्हणजे जसं व्हायला हवं तसं. एक ताल मात्र पोट फुगून बसली. कारण शोधलं तर वरच्या रस्त्याच्या मोरीचं सगळं पाणी बरोबर तिच्या डोक्यावर सोडलेलं. रस्ता वेगळ्या खात्याचा, मोरी त्यांची, आणि गावाने अर्ज केलाय. खुंट्यांमधलं अंतर किंचित वाढलं पण नंतर थांबलं, तेवढ्यावरून उतार स्थिर झाला असं मी म्हणणार नाही.

झरा टिकतोय, पण तो तसाही कधी पूर्ण आटला नव्हता, त्यामुळे त्याचं श्रेय कोणी घेऊ नये. फाटकाच्या आतल्या भागात गवत खाली बसलंय आणि तेरडा, गेंद चांगले दिसतायत असं गुराखी सांगतात, तिकीटवाली पोरं म्हणतात की फरक नाही. मोजदाद कोणी केलेली नाही, म्हणजे दोघंही आपापल्या सोयीचं बघतायत.

नाचणी झाली, थोडी झाली. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये होता, म्हणजे किलोला 43 सुद्धा नाही, आणि डोंगरातून पोतं खाली नेऊन तो भाव घेण्यात काही अर्थ नाही. आक्कांच्या बचतगटाने पीठ आणि पापड करून फुलांच्या सीझनला रस्त्यावर विकले, त्यात त्यांना बरे पैसे सुटले. पण त्यावर अख्खी वाडी जगेल असं कोणी समजू नये. नाचणी लावणारी घरं मोजकीच आहेत आणि त्यातही कसणारे पन्नाशीच्या पुढचे.

जमीन विक्री थांबली नाही. जुलै 2024 च्या शेवटी केंद्राची पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची नवी मसुदा अधिसूचना आली, सहा राज्यांत मिळून 56,825 चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्रातले 17,340, आणि व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की आता नांगर धरायला पण परवानगी लागणार, विकायचं तर आत्ताच विका. मसुद्यात बंदी होती ती खाणी, औष्णिक वीज प्रकल्प, लाल गटातले उद्योग आणि 20 हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर, शेतीवर नाही. हे समजावून सांगेपर्यंत एका भावकीने मधल्या टप्प्यातला एक तुकडा दिला होता. तिथे आता प्लॉट पाडलेत, आणि प्लॉटसाठी दोन चांगल्या ताली जेसीबीने काढल्या.

परत करायचं झालं तर

मोरीपासून सुरुवात करायला हवी. डोंगराच्या कामात सगळे शेताकडे आणि जंगलाकडे बघतात आणि रस्त्याने गोळा केलेलं पाणी कुठे सोडलंय ते कोणी बघत नाही. पहिल्याच पावसात छत्री घेऊन अख्खा रस्ता चालला असता तर ती ताल वाचली असती, आणि कदाचित 2021 च्या एका घसरणीचं कारणही तिथेच सापडलं असतं.

मुंबईकरांशी बोलणं गणपतीपर्यंत थांबवायला नको होतं. त्यांच्या मंडळाची मीटिंग दर महिन्याला कोपरखैरण्याला होते, तिथे जाऊन बसलं असतं तर एजंटच्या आधी आपण पोचलो असतो. विकलेला तुकडा नाचणीच्या सलग पट्ट्याच्या मधोमध आहे, त्यामुळे राखणीचं गणितच बिघडलं. कडेचा असता तर एवढं नुकसान नव्हतं.

सड्यावर फाटक उघडायच्या आधी दोन्ही भागांत चार-चार चौकोन आखून फुलं मोजायला हवी होती. फार अवघड काम नाही, भेगेची वही लिहिणाऱ्या पोरांनीच केलं असतं, आणि आज काका-पुतण्याच्या भांडणात काहीतरी दाखवायला असतं.

पोरांनी रचलेली भिंत ढकलायला लावणं मात्र मी परतही तसंच करीन.

सध्या दोन गोष्टी लोंबकळत आहेत. फाटकाला तोंडी परवानगी देणाऱ्या साहेबांची बदली झालीये आणि नवे साहेब कागद मागतायत, त्यामुळे समितीने वन हक्क कायद्याखाली चराईचा सामूहिक दावा टाकायचा विचार चालवलाय, जुन्या चराई पावत्या शोधायचं काम आक्कांकडे आहे, आबांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या पण त्यात लावणार आहेत. आणि प्लॉटवाल्याने कुंपण घालताना पाट बुजवलाय, त्याची तक्रार तहसीलला दिलीये, सुनावणीची तारीख पावसाळ्यानंतरची पडली आहे.